उडत्या काकांचे चार अंक

माझी चित्रं चांगली होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे सांगताना उगाच विनयाचा घोळ नको. जन्मभर मी शाळेत चित्रकला शिकवली, पोरांच्या पुस्तकांसाठी आंबे, बैल आणि पचनसंस्था काढल्या. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात अस्सल काम कोणतं असं विचारलंत, तर मी ‘उडते काका’चे अंक पुढे करीन. चारच निघाले. चार पुरले.

उडते काका हे डोंबिवलीचे महाबली. रंग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. एकदा पिंपात पडतात आणि बाहेर येतात ते उडायला लागलेले. मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंतच, त्याच्यावर त्यांना चक्कर येते. पाठीवर सोलापुरी चादर. उडताना पडू नये म्हणून चष्मा आधी काढून खिशात ठेवतात, त्यामुळे आपण कुठे चाललोय हे त्यांना दिसत नाही. संकट एका बिल्डिंगमध्ये असलं की काका उतरतात शेजारच्या बिल्डिंगच्या गॅलरीत. आता गॅलरीपर्यंत आलेल्या माणसाला चहा न देता कोण सोडतं? आणि काकांना तर कुणाला नाही म्हणायची सवयच नाही. पहिल्या अंकात चोर पकडला गेला तो काकांच्या पराक्रमाने नव्हे. तोही त्याच घरात चहा पीत बसला होता, आणि काकांनी चष्मा लावल्यावर तो त्यांना दिसला.

हे मी कुठून आणलं, तर घरातूनच. माझे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडिलांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, तेव्हा सव्वीसचा. तो आमच्याजवळच राहत होता, तो तसाच राहिला. आई बालवाडीत शिकवायची, काका एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात जायचा, सायकलने. आज कंपनीत काय केलं हे त्याला कधी विचारावं लागलं नाही, हात बघायचे. कधी निळे, कधी तांबडे, कोपरापर्यंत. साबणाने तो रंग जायचा नाही, दुसऱ्या दिवशीच्या रंगाने जायचा. आईने त्याचा टॉवेल वेगळा ठेवला होता आणि त्या टॉवेलचा मूळ रंग कोणता हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. चष्मा, भित्रेपणा, चहाला नाही म्हणता न येणं, सगळं त्याचंच. मी फक्त त्याला उडवला.

चित्र काढायला कागद दिला तोही त्यानेच. लहानपणी मला वहीचे कागद पुरत नसत. मग काका कुठूनसा एक जाड, फिकट गुलाबी कागद आणून द्यायचा. गुळगुळीत, वास येणारा, तीन बाजूंना सोनेरी कड आणि चौथी बाजू कात्रीने कापलेली. एका वेळी एकच मिळायचा. तो भरला की दुसरा. पाच-सहा वर्षं मी त्या गुलाबी कागदांवर चित्रं काढली. कुठून आणतोस असं विचारलं तर म्हणायचा, “आहेत. तू काढ.” कंपनीतून आणत असेल असं मला वाटायचं, आणि तेवढ्यावर मी समाधानी होते. मुलांना कागद मिळाल्याशी मतलब.

बारावीनंतर मी चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला गेले आणि वरखर्चासाठी कल्याणच्या एका छापखान्याचं काम धरलं. छापखाना लग्नपत्रिकांचा. वरती गणपती, बाजूला कलश आणि सनई-चौघडा, आणि तळाशी हातात हात घालून उभी असलेली हसरी मुलं, अशी चित्रं मी काढून द्यायचे. त्यांचे छपाईसाठी ठसे, म्हणजे ब्लॉक, व्हायचे. तळाच्या त्या मुलांखाली काय येतं हे मराठी माणसाला सांगायला नको. घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावाने ती एक ओळ: ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.’ कुणाचा काका, कुणाचा मामा, कुणाची आत्या. या ओळी अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरने एकदाच जुळवून, दोऱ्याने बांधून खणात तयार ठेवलेल्या असत. पत्रिका आली की त्यातली नेमकी ओळ उचलायची, खाली मुलांची नावं लावायची आणि मशीनवर चढवायची.

हे कंपोझिटर कल्याणच्या खाडीकाठच्या कोळी घरातले. घरात सगळे जाळी विणायचे, यांनी छपाईचे खिळे जुळवायला घेतले. मी त्यांना मामा म्हणायचे. डोळे मिटून खण उघडतील आणि हवं ते अक्षर काढतील असा हात. चित्रांबद्दल मात्र त्यांचं मत ठाम होतं: देव सोडून बाकी चित्रं म्हणजे जागा भरायची सोय.

आषाढ लागला की मुहूर्त संपतात आणि पत्रिकांचा छापखाना थेट तुळशीच्या लग्नापर्यंत ओस पडतो. मालक दारात खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. एकदा मीच त्यांना म्हटलं की मशीन नुसतं ठेवण्यापेक्षा मुलांसाठी चित्रकथा काढा, सोळा पानांची, काढून मी देते. त्यांनी चित्रं बघितली, दोनदा हसले आणि म्हणाले, “काढू. पण नाव नको टाकूस. मुलीने काढलंय म्हटल्यावर पोरं हात लावायची नाहीत.” मला राग आला. पण छापलेलं बघायची घाई रागापेक्षा मोठी होती, म्हणून मी गप्प बसले. पहिला अंक श्रावणात निघाला. मुखपृष्ठाला काळ्याखेरीज एकच रंग परवडत होता, आणि तो कोणता हे डब्यात काय उरलंय त्यावर ठरायचं. म्हणून पहिल्या अंकात काकांची चादर हिरवी, दुसऱ्यात कुंकवासारखी लाल. चादर का बदलली असं पोरांनी पत्रांतून विचारलं, तेव्हा मी बेधडक उत्तर दिलं की काकांच्या घरी धुणं वेळेवर होतं.

काकाला मी आधी काही सांगितलं नव्हतं. पहिला अंक त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आयुष्यात मी फार कमी वेळा घाबरले आहे, त्यातली ती एक. त्याने सोळाही पानं वाचली. हसला नाही. शेवटी चष्मा काढून पुसत म्हणाला, “पिंपाचं झाकण चुकलंय. ते बाहेरच्या बाजूला उघडतं.”

“आणि बाकी?”

“बाकी ठीक. ती चादर माझी आहे ना?”

दुसऱ्या दिवशी तो दहा अंक कंपनीत घेऊन गेला. दुसरा अंक निघेपर्यंत बिल्डिंगमधली पोरं त्याला उडते काका म्हणूनच हाक मारायला लागली होती. एकदा भाजी घेऊन येताना त्याने पिशवी सायकलला अडकवली आणि पोरांसाठी भर रस्त्यात दोन्ही हात पसरून दाखवले. आई गॅलरीतून म्हणाली, “भाऊजी, वय काय तुमचं.” तो चाळिशीला टेकला होता आणि मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. हे मी केलंय, असं मला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

तिसरा अंक रखडला. तुळशीचं लग्न होऊन गेलं, मार्गशीर्षातल्या पत्रिकांनी छापखाना भरून गेला, मालक खुर्ची आत घेऊन गेले. अंक कसाबसा मधे घुसवला. गोष्ट अशी होती की बिल्डिंगमधल्या पोरांचा पतंग पाण्याच्या टाकीवर अडकतो, टाकी तिसऱ्या मजल्याच्या वर, आणि काका चक्कर येऊन तिथेच बसून राहतात. शेवटी पोरंच वर चढून काकांना उतरवून आणतात. शेवटच्या चित्रात पाच पोरं हातात हात घालून वाचकाकडे बघत हसतायत आणि मागे काका. खाली मी जागा मोकळी ठेवली होती. पुढच्या अंकात काय, ते तिथे यायचं होतं आणि ते माझं ठरलं नव्हतं. मामांना सांगितलं, प्रूफ बघायला येईन तेव्हा ओळ देते.

प्रूफ बघायला मी गेलेच नाही. परीक्षा होती हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. दोन अंकांत छपाईची एकही चूक झाली नव्हती आणि मला वाटायला लागलं होतं की माझ्या अंकात चूक होत नाही.

अंक स्टेशनवरच्या पेपर स्टॉलवर लागलेला मी पाहिला. शेवटचं पान उघडलं. पाच हसऱ्या पोरांखाली, सुबक अक्षरांत, छापलं होतं: ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.’

मी हसले. तिथेच उभी राहून, मोठ्याने. ही गोष्ट लपवत नाही. मग कल्याणला गेले. मामा एकीकडे पत्रिका जुळवत होते. त्यांना चूक झाली असं वाटतच नव्हतं, उलट आपण वेळेवर सांभाळून घेतलं असं वाटत होतं. दोन महिने रात्रंदिवस पत्रिकाच केल्या होत्या त्यांनी. म्हणाले, “पोरां हायत, पाठी काका हाय, खाली जागा हाय. मना वाटला तू इसरलीस.” यावर भांडणार काय? मी त्यांच्या हातचा चहा घेतला आणि घरी आले. डोक्यात चौथ्या अंकाचे विनोद सुरू झालेले.

घरी आले तर खालच्या मजल्यावरच्या काकू पेढे घेऊन बसल्या होत्या. अंक त्यांच्या नातवाने आणला होता. मुलगी कुठली, कधीचा मुहूर्त, आम्हाला कसं कळू दिलं नाहीत, असं त्या विचारत होत्या आणि आई पदर चाचपत नुसती हसल्यासारखं करत होती. तेवढ्यात काका आला. त्या दिवशी कंपनीत पिवळा रंग होता. हात कोपरापर्यंत पिवळे, आणि हातात झेंडूचा हार. हळद तर लागलीच आहे म्हणून कंपनीतल्या लोकांनी सायकलला हार घातला होता. त्याने तो टेबलावर ठेवला, काकूंना नमस्कार केला, एक पेढा घेतला आणि मोरीत हात धुवायला गेला. बराच वेळ तो हात धूत होता. धुऊन जाणारा रंग नव्हता, हे त्याला माहीत होतं.

“काका, प्रेसवाल्यांनी घोळ घातला रे,” मी म्हटलं. तो “हं” म्हणाला. जेवायला बसला तो एका पोळीवर उठला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला वागता येतं. तो नुसता घरात असायचा. पोरांनी खालून हाक मारली तर गॅलरीत जायचा नाही.

चौथ्या दिवशी तो कंपनीत गेल्यावर आईने पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी, साड्यांच्या खाली, एकच कागद होता. फिकट गुलाबी, जाड, तीन बाजूंना सोनेरी कड, चौथी बाजू कात्रीने कापलेली. मी तो कागद डोळे मिटूनही ओळखला असता. फक्त हा भाग मी कधी पाहिला नव्हता. हा छापलेला होता. त्यावर माझ्या काकाचं नाव होतं, ठाण्याच्या एका मुलीचं नाव होतं, मुहूर्त होता, डोंबिवलीतल्या एका कार्यालयाचा पत्ता होता. आणि तळाशी ती ओळ, खाली एकट्या मुलीचं नाव. माझं. घरात हाक मारायचं.

“पत्रिका निम्म्या वाटून झाल्या होत्या,” आई म्हणाली. “लग्नाला सोळा दिवस होते आणि तुझे बाबा गेले. ज्या ज्या घरी आमंत्रण गेलं होतं तिथे भाऊजी स्वतः गेले, लग्न नाही म्हणून सांगायला. मुलीकडचे वर्षभर थांबायला तयार होते, पण यांनीच नको म्हणून कळवलं. उरलेल्या पत्रिका मी बंबात घालत होते तर म्हणाले, राहू द्या वहिनी, मागचं पान कोरं आहे, कापून घेतो. कागद चांगला आहे. पोरीला होईल.”

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. मी ज्यावर हात बसवला तो कागद कशाचा होता हे मला ठाऊक नव्हतं, म्हणजे मी दोषी नव्हते. पण मी प्रूफ बघायला गेले नव्हते, म्हणजे होते. एकदा माझ्या नावाने छापलेली तीच ओळ मी त्याला सगळ्या गावासमोर दुसऱ्यांदा दाखवली होती, आणि स्टॉलवर उभी राहून हसले होते.

रविवारी सकाळी तो खाली सायकलची चेन पुसत होता. मी शेजारी जाऊन उकिडवी बसले.

“काका, आईने पत्रिका दाखवली.”

त्याने मान हलवली. चेन पुसणं चालूच.

“मी अंक बंद करते. स्टॉलवरचे उरलेले उचलून आणते. चूक झाली म्हणून सांगते सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?”

“विचारतील त्यांना.”

“मी सांगितलंय तसं, एकदा,” तो म्हणाला. “दारोदार जाऊन. लोक वाईट वागत नाहीत गं. बसा म्हणतात, पाणी देतात. आपल्यालाच त्यांच्याकडे बघवत नाही.” मग त्याने फडकं खाली ठेवलं. “आमंत्रण गेलंय ना? मग लग्न लागू दे. एकदा छापलेलं परत घेतलंय. पुन्हा नाही घेणार.”

“कुणाचं लग्न?”

“उडत्या काकांचं. माझं कशाला आता?” त्याने पेडल फिरवून बघितलं. चेन आवाज न करता फिरली. “नवरी उंच काढ. माझ्याहून दोन बोटं उंच होती ती.”

“आणि उडणारी?”

“ते मला काय विचारतेस? चित्रकार कोण आहे?”

चौथा अंक मी नऊ दिवसांत काढला आणि त्याच्याइतकं चांगलं मी पुन्हा काही काढलं नाही. उडते काका चष्मा खिशात ठेवून मुहूर्ताला निघतात आणि भलत्याच कार्यालयात उतरतात. तिथे चहा होतो. तिथून दुसऱ्या भलत्याच कार्यालयात, तिथे चहा आणि बुंदीचा लाडू. इकडे भटजी घड्याळ बघतायत. शेवटी दोन बोटं उंच असलेली नवरी शालू खोचते, स्वतः उडते, तीन कार्यालयं पालथी घालते, काकांना शोधून काढते आणि त्यांच्या खिशातला चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवते. काका पहिल्यांदाच उंचावरून डोंबिवली नीट बघतात. त्यांना चक्कर येत नाही. चित्रं एकेक करून काका बघायचा; नवरीच्या चित्राशी थांबून म्हणाला की वेणी लांब होती, पण राहू दे, ही पण छान आहे.

प्रूफ बघायला या वेळी आम्ही दोघं गेलो. मामा ओशाळले होते. घडलेलं त्यांना मी सांगितलं होतं. शेवटच्या पानाखाली जागा मोकळी होती आणि दोऱ्याने बांधलेली ती ओळ ते तळहातावर घेऊन उभे होते. “या टायमाला विचारूनच घालतो,” ते काकाला म्हणाले.

“घाला,” काका म्हणाला. “आणि खाली हिचं नाव लावा.”

मालक उठले, पण काकाकडे बघून परत खुर्चीत बसले. मामांनी खण न बघता माझं घरचं नाव जुळवलं. चार अंकांत माझं नाव आलं ते त्या एकाच ठिकाणी.

पाचवा अंक मालकांनी दोनदा मागितला. मी नाही म्हटलं. काकांचं लग्न झालं होतं, आता त्यांना गॅलऱ्यांतून हिंडवणं मला पटेना. त्या नकाराचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

अंक आले त्या रविवारी काकाने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. आईकडून हळद-कुंकू मागून घेतलं आणि पाटावर बसून एकेका अंकाच्या चारी कोपऱ्यांना लावलं, पत्रिकेला लावतात तसं. त्यातली पहिली प्रत देवापुढे ठेवली. मग बाकीचे हातात घेऊन तो बिल्डिंगमध्ये निघाला. पोरांच्या आधी मोठ्यांच्या हातात देत होता. खालच्या काकूंना वाकून म्हणाला, “लग्न लागलंय, पण आमंत्रण घ्या.” त्यांनी अंक कपाळाला लावला आणि त्याला आत घेतलं.

चोवीस बिऱ्हाडं होती. प्रत्येक दारात त्याला बसवलं, प्रत्येक दारात चहा झाला. सकाळी गेलेला तो दिवेलागणीला परत आला. जेवण नको म्हणाला, पोटात जागाच नव्हती. एक अंक उरला होता. तो त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. बोटांवरचं कुंकू कंपनीच्या निळ्या रंगावर बसलं होतं.

“सहकुटुंब यायचं हं,” तो म्हणाला.

येते म्हटलं, आणि अंक घेतला.